मागच्या बाकावरची माणसं

आमच्या मंडळीत नवीन माणूस आला की पहिल्या रविवारी त्याला चहा मिळतो, दुसऱ्या रविवारी गीतपुस्तक, आणि तिसऱ्या रविवारी प्रश्न. "मग, तारणाचा अनुभव आला का?" विचारणारे काका मनाने वाईट नाहीत. त्यांना स्वतःच्या तारणाची तारीख, वार, ठिकाण, एवढंच काय, त्या दिवशी पडलेला पाऊसही पाठ आहे. साक्षसभांमधून ऐकून ऐकून तो आता आम्हालाही पाठ झालाय. त्यामुळे ज्याला अशी तारीख सांगता येत नाही त्याचं काहीतरी राहून गेलंय, असं त्यांना मनापासून वाटतं. नवा माणूस बिचारा कप हातात धरून इकडेतिकडे बघतो. पुढच्या रविवारी शेवटच्या गीताआधीच सटकतो, आणि काका प्रार्थनेच्या यादीत त्याचं नाव 'माघारलेला' म्हणून घालतात. अजून पुढे आलाच नव्हता तर माघारला कुठून, हे कोणी विचारत नाही.

काकांना कधीतरी वाँटेजची गोष्ट सांगायचा माझा विचार आहे. इंग्लंडातल्या ह्या गावी 1883 मध्ये पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेरल्डाइन ह्या त्यांच्या आत्मिक आई. आई म्हटली की काळजी आली, आणि काळजीच्या पाठोपाठ घाई. बाप्तिस्मा होऊनही ही बाई मांस-मासे खात नाही! त्रैक्याच्या शिकवणीवर शंका काढते! क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत असू द्यात, म्हणते! दोघींची पत्रं आज छापील मिळतात. एक बाई सारखी विचारते आहे की अजून कसं पटत नाही; दुसरी अगदी आदराने, पण तसूभरही न हलता कळवते आहे की घरच्या पुरोहितांचं जू मानेवरून आत्ताच कुठे उतरवलंय, लगेच दुसरं घ्यायची इच्छा नाही. सिस्टरबाईंची झोप उडाली असणार.

आणि गंमत अशी की सिस्टरबाईंची शंका अगदीच खोटी नव्हती. रमाबाईंनी स्वतःच पुढे 1907 मध्ये साक्ष लिहिली, तीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. आठ वर्षं! आमच्या काकांनी तोवर तीन वेळा नाव कापलं असतं. पण ह्याच आठ वर्षांत बाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं, विधवांच्या हाती वह्या-पुस्तकं दिली. पुढे केडगावचं मुक्ती मिशन, आणि मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर, जे 1922 मध्ये अगदी मरणाच्या उंबरठ्यावर पुरं झालं. वाढ खुंटलेल्या माणसाचा हा हिशेब!

टिळकांच्या घरी तर नवरा-बायकोतच पाच वर्षांचं अंतर. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली काही वर्षं त्या दूर राहिल्या, आणि नवऱ्याकडे आल्या त्याही सोवळं बरोबर घेऊनच. टिळक किती तापट, हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको. पण ह्या एका बाबतीत त्यांनी कळ काढली. 1919 मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पुढे नेलं, आणि त्यातले बहुतेक अध्याय लिहिले, ते ह्या मागून आलेल्या बाईंनी.

हे झालं मोठ्या लोकांचं. आमच्या मागच्या बाकावर एक रिक्षावाला भाऊ बसतो. त्याच्या रिक्षात आरशाला क्रूस लटकतो आणि पुढे, नंबरप्लेटखाली, लिंबू-मिरची. सकाळी फडकं मारताना तो क्रूसाला हात लावून कपाळाला लावतो, मग वाकून मिरच्याही सरळ करतो. दोन्हीकडून बंदोबस्त. काकांनी हे पाहिलं आणि तक्रार थेट पाळकसाहेबांकडे गेली. साहेब त्याच्याच रिक्षाने एस.टी. स्टँडवर गेले, उतरले, वाकून लिंबू बघितलं.

"वाळलंय की रे."

"हो साहेब, शनिवारी बदलायचं राह्यलं. पोरगी आजारी होती ना, तुम्ही घरी प्रार्थनेला आलात, त्या गडबडीत ध्यानातच नाही राह्यलं."

"राहिलं तर राहू दे," म्हणत साहेबांनी पैसे दिले आणि ते गाडी पकडायला गेले.

काकांना हे मुळीच पटलं नाही. तिथल्या तिथे तोडून टाकायला सांगायचं! मला मात्र साहेबांची युक्ती आवडली. सांगून तोडलेलं लिंबू आठवड्याभरात परत आलं असतं. शिवाय काकांच्या स्वतःच्या उंबऱ्यावर घोड्याचा नाल ठोकलेला आहे. त्याला ते 'जुनी कारागिरी' म्हणतात.

काका हुशार आहेत, ते लगेच पौलाला पुढे करतात. करिंथकरांना त्याने 'अजून तुम्ही दुधावरच आहात' असा टोमणा मारलाच ना? मारला खरा. आणि एकाला बाहेर काढायलाही सांगितलं. पण बाकीच्यांना त्याने लांबच लांब पत्रं लिहिली, आणि पहिलं पुरेना म्हणून आणखी लिहिली. चिडलेला माणूस इतकी शाई खर्च करत नाही.

माझा आवडता मात्र निकदेम. योहानाच्या शुभवर्तमानात तो तीनदाच भेटतो. पहिल्यांदा रात्री येतो, कोणी बघू नये म्हणून, आणि म्हाताऱ्या माणसाने परत जन्मायचं कसं, असा प्रश्न घालतो. दुसऱ्यांदा भरसभेत उठतो, पण कबुली वगैरे देत नाही; ऐकून घेतल्याशिवाय माणसाला दोषी ठरवणं नियमात बसतं का, एवढंच विचारतो, आणि 'तूही गालीलाचाच का?' असं ऐकून घेतो. तिसऱ्यांदा तो दिसतो वधस्तंभावरून देह उतरवल्यानंतर. तुझ्याबरोबर मरेन म्हणणारा पेत्र तेव्हा कुठे दिसत नाही. निकदेम मात्र गंधरस आणि अगरू घेऊन आलेला आहे, शंभर रोमी रत्तल, म्हणजे आजच्या मापाने तीस किलोंच्या वर. एवढं ओझं लपवून आणता येत नाही.

योहानाने वजन नीट लिहून ठेवलंय. निकदेमाचा बाप्तिस्मा कधी झाला, झाला की नाही, ह्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. आमच्या रजिस्टरात त्याचं नाव कुठल्या पानावर घालायचं, ह्यावर काकांनी पंचांची खास सभा बोलावली असती.