पत्र्याच्या बोटीचा यथाविधी जीर्णोद्धार

जत्रेत परातीतल्या पाण्यात फट-फट करत गोल फिरणारी पत्र्याची बोट तुम्ही लहानपणी मागितली होती आणि ती मिळाली नव्हती, एवढी पात्रता पुरे. ज्यांना मिळाली ते संग्राहक होत नाहीत. त्यांनी ती दुसऱ्याच दिवशी मोडलेली असते.

बोटीसाठी रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जावे. चेहरा निर्विकार असावा. आधी शेजारच्या गंजक्या कुलपाची चौकशी करावी, मग अडकित्त्याची, आणि निघता निघता, पायात आली म्हणून, बोटीची. विक्रेता पहिल्यापासून बोटीवरच हात ठेवून बसलेला असतो, तिकडे लक्ष देऊ नये.

'इंग्रजांच्या टायमाची आहे, साहेब,' असे तो म्हणेल. मान डोलवून बॅटरी काढावी आणि बोटीच्या पोटात बघावे. अशा स्वस्त बोटी पुष्कळदा जुने डबे कापून केलेल्या असतात, त्यामुळे आत कधीकधी अर्धी जाहिरात सापडते. तिच्यातल्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर समजावे. पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 रोजी. इंग्रज जाऊन त्या दिवशी बरोबर पंचवीस वर्षे झाली होती. हा शोध विक्रेत्याला मात्र सांगू नये. तो 'मग ठेवा खाली' म्हणेल, आणि तुमच्याने ती ठेववणार नाही.

घरी आल्यावर घासायला घेऊ नये. रंग पत्र्यावर छापलेला असतो. तांब्या-पितळेची पावडर गंजाबरोबर त्यालाही नेते. माझ्या बोटीवर एक खलाशी होता. आता त्याची टोपी आहे.

यंत्राला घाबरू नये. त्यात चाक नाही, दट्ट्या नाही, पंखा नाही. एक चपटी डबी आणि मागे निघालेल्या दोन नळ्या. थॉमस पिओ या फ्रेंच गृहस्थाने 1891 मध्ये असल्या बोटीसाठी ब्रिटनमध्ये पेटंटचा अर्ज केला होता. नळ्यांतून डबीत पाणी भरायचे आणि खाली वात लावायची. वाफ झाली की ती पाणी मागे ढकलते, निवली की पाणी परत आत ओढले जाते. बाहेर पडताना पाणी सरळ रेषेत सुटते, आत येताना चहूबाजूंनी येते, म्हणून बोट पुढेच जाते. डबीचा पातळ पत्रा आत-बाहेर होतो, तोच तो आवाज. सगळे सोपे आहे, फक्त डबीला भोक असते.

ते बुजवायला सोल्डरिंगवाल्याकडे गेलात की तो आधी बोटीकडे बघतो, मग तुमच्या पांढऱ्या केसांकडे. 'नातवाची,' म्हणावे. डबी कोरडी असताना वात पेटवू नये, सोल्डर वितळते. दुसऱ्यांदा गेल्यावर तो नातवाचे नाव विचारतो.

दुरुस्त झालेली बोट काचेच्या कपाटात ठेवावी. ती पाण्यात सोडली तर किंमत उतरते, असे जाणकार सांगतात, आणि ते खरेच आहे. तेव्हा रात्री सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघराचे दार लोटून, मोठ्या परातीत चार बोटे पाणी घ्यावे. वात लावावी. थोडा वेळ काहीच होत नाही. मग होते, आणि मध्यरात्री तो आवाज वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो.

'परात सकाळी कणकेला लागते हं,' असे आतून ऐकू येईल. 'तेलकट ठेवू नका.'