सहकुटुंब जयपूर : हॉटेल-निवडीची प्राथमिक पुस्तिका

प्रस्तुत पुस्तिका जयपूर पाहायला सहकुटुंब निघालेल्या नवशिक्यांसाठी आहे. सहकुटुंब म्हणजे किमान सहा माणसं. त्यांत एक दुखरा गुडघा, पहाटे पाचला चहा लागणारे एक आजोबा, पोहण्याचा पोशाख आधीच बॅगेत भरून बसलेली एक मुलगी आणि ‘मला काहीही चालेल’ म्हणणारी एक व्यक्ती असते. या शेवटच्या व्यक्तीपासून सावध राहावं. तिला काहीच चालत नाही, हे तिथे पोचल्यावर कळतं. एकट्याने किंवा जोडीने जाणाऱ्यांनी ही पुस्तिका वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांना कुठलंही हॉटेल चालतं.

पूर्वतयारी म्हणून एक पथ्य पाळावं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘हॉटेल कसं हवं?’ असा प्रश्न टाकू नये. टाकलाच तर उत्तरं येतील ती अशी : स्वच्छ, स्वस्त, शांत, बाजाराजवळ, बाग असलेलं, पूल असलेलं, आणि आत्याकडून एक नुसता अंगठा. यातलं ‘स्वस्त’ आणि ‘बाजाराजवळ’ सोडलं तर बाकी सगळं जयपुरात एकाच ठिकाणी मिळतं. त्याचं नाव रामबाग पॅलेस. महाराजा सवाई मानसिंह दुसरे यांनी आपल्या राहत्या राजवाड्याचं १९५७ साली हॉटेल केलं. तिथला एका रात्रीचा दर ग्रुपवर टाकावा. पुढचे दोन दिवस कुणी काही बोलत नाही. तेवढ्यात कामाला लागावं.

नकाशा उघडावा. रेल्वे स्टेशन पश्चिमेला. सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसवायला घेतलेलं मूळ शहर पूर्वेला. त्याला तिथले लोक परकोटा म्हणतात, म्हणजे तटाच्या आतलं शहर. आमेरचा किल्ला शहराबाहेर उत्तरेकडे, ११ किलोमीटरवर, आणि जलमहाल त्याच वाटेवर. विमानतळ दक्षिणेला, सांगानेरच्या बाजूला. थोडक्यात, आपल्याला जे पाहायचंय ते एकीकडे आणि आपण उतरतो ते दुसरीकडे.

नवशिक्याची पहिली उडी नेहमी स्टेशनसमोरच्या हॉटेलावर पडते. हा संस्कार जुना आहे. गाडी चुकेल ही भीती आपल्याकडे वडिलोपार्जित असते, आणि स्टेशन खिडकीतून दिसत असलं की घरातल्या कर्त्या पुरुषाला झोप चांगली लागते. पण अख्ख्या सहलीत स्टेशनवर आपण दोनदाच जातो. बाकीचे चार दिवस रिक्षावाल्यांच्या घोळक्यातून वाट काढत उलट्या दिशेने प्रवास करायचा असतो. शिवाय जवळच सिंधी कॅम्पचं मोठं बस स्थानक आहे. त्याच्या तोंडावरच खोली घेतली तर आजोबांना उठवायला गजर लागत नाही. ‘अजमेर, अजमेर, अजमेर’ हे पहाटेच सुरू होतं.

दुसरी उडी याच्या अगदी उलट : थेट हवामहलासमोर. ‘हवामहल व्ह्यू’ असं लिहिलेलं असतं आणि फोटोत चहाच्या कपामागे तो गुलाबी महाल उभा असतो. सवाई प्रतापसिंहांनी १७९९मध्ये बांधलेला, ९५३ खिडक्यांचा. राणीवशातल्या बायकांना पडद्याआडून रस्त्यावरची वर्दळ पाहता यावी म्हणून त्या खिडक्या केल्या होत्या. वर्दळ अजून तीच आहे, फक्त तिला हॉर्न आले आहेत, आणि तुमच्या खिडकीला दगडी जाळी नाही. दुसरं असं की हवामहलाला समोरून दार नाही. आत जायला मागच्या बाजूने वळसा घालून जावं लागतं. म्हणजे समोर राहूनही ‘अगदी समोर’चा फायदा शून्य. तिसरं, गाडी बहुधा गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि तिथून सामान आपण वाहायचं असतं. तरीही कुणाला तिथेच राहायचं असेल तर एक संध्याकाळ समोरच्या गच्चीवरच्या कॅफेत चहा घ्यावा, हवे तेवढे फोटो काढावेत आणि झोपायला दुसरीकडे जावं.

परकोट्याच्या आत की बाहेर, हा प्रश्न मराठी माणसाला जयपुरात पहिल्यांदा पडला तो १७५१च्या जानेवारीत. मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांच्या फौजांचा तळ शहराबाहेर होता. नवं कोरं शहर पाहायला म्हणून हजारो मराठे वेशीच्या आत गेले. खंडणीच्या तगाद्याने जयपूरचे लोक आधीच पेटलेले होते. त्यांच्या राजाने, ईश्वरीसिंहांनी, काही दिवसांपूर्वीच विष घेऊन जीव दिला होता. वेशी बंद झाल्या आणि शहरभर कत्तल झाली. मारल्या गेलेल्यांची संख्याही हजारोंत गेली. शाळेच्या पुस्तकात हे फारसं येत नाही, आणि जयपूर दाखवणारा गाइड तुम्ही पुण्याचे आहात हे कळल्यावर मोठ्या सौजन्याने ते प्रकरण गाळतो. आज आत गेलात तर फार तर जोहरी बाजारात गाडी अडकते.

आता मुख्य मुद्दा. हॉटेल सोयीचं आहे की नाही हे रात्री कळत नाही आणि सकाळी तर मुळीच कळत नाही. ते कळतं दुपारी दीड वाजता. सकाळपासून हवामहल, सिटी पॅलेस, जंतरमंतर झालेलं असतं. तिन्ही जवळजवळ आहेत, चालत होतात. सम्राट यंत्राच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ कशी वाचतात हे गाइडने समजावलेलं असतं आणि ऐकणाऱ्यांना जेवणाची वेळ टळली एवढंच समजलेलं असतं. जेवण होतं आणि मग कुटुंबाची फाळणी होते. एका गटाला बापू बाजारात मोजड्या आणि लहेरियाची ओढणी घ्यायची असते, दुसऱ्याला पाठ टेकायची असते. हॉटेल लांब असेल तर दुसरा गट नाइलाजाने पहिल्याबरोबर जातो, दुकानातल्या स्टुलावर बसतो आणि काहीही बोलत नाही. त्याच्या न बोलण्यामुळे पहिल्या गटाला धड घासाघीसही करता येत नाही. चार वाजता सगळे एकमेकांवर रुसून नाहरगडाचा सूर्यास्त पाहायला निघतात.

म्हणून हॉटेल निवडताना हवामहल किती किलोमीटर हे पाहूच नये. आजी-आजोबा दोघंच, कुणालाही बरोबर न घेता, दुपारी खोलीवर परत येऊ शकतील का, एवढंच पाहावं. आमच्या मते याचं उत्तर बनी पार्क किंवा चांदपोलच्या अलीकडचा भाग. बनी पार्क ही जुन्या बंगल्यांची, झाडांची वस्ती आहे, पुष्कळ बंगल्यांची आता हॉटेलं झाली आहेत, आणि सिंधी कॅम्पचं मेट्रो स्थानक हाकेच्या अंतरावर आहे. २०२० साली मेट्रो परकोट्याच्या पोटात शिरली तेव्हापासून हे गणित सुटलं. सिंधी कॅम्पला बसायचं. चांदपोल, छोटी चौपड, बडी चौपड. तिसऱ्या स्थानकावर उतरलं की हवामहल पायी. सिंधी कॅम्पपाशीच रावत मिष्ठान्न भांडार आहे. तिथली प्याज कचोरी घेऊन खोलीवर गेलं की दुसऱ्या गटाला पहिल्याची आठवणही येत नाही.

भाग ठरला की फोन करावा. संकेतस्थळावरच्या चौकटीत ‘लिफ्ट’समोर बरोबरची खूण असते, तिच्यावर जाऊ नये. फोन घरातल्या सर्वांत संशयी माणसाने करावा, हिंदी कशीही असो.

‘लिफ्ट है?’

‘है सर.’

‘चालू है?’

इथे पलीकडे किती वेळ शांतता पडते ते मोजावं.

‘लाइट गया तो?’

‘जनरेटर है सर.’

‘लिफ्ट जनरेटर पे है, के फक्त दिवे?’

आणि मग तो प्रश्न, जो नवशिक्या कधीच विचारत नाही : ‘लिफ्टतक जाने को पायऱ्या कितनी?’ कारण रस्त्यापासून रिसेप्शनपर्यंत आठ पायऱ्या आणि लिफ्ट त्यांच्यानंतर, अशी रचना असलेली हॉटेलं पुष्कळ. उत्तरांचंही तारतम्य लक्षात ठेवावं. ‘है’ म्हणजे आहे. ‘हो जाएगा’ म्हणजे नाही, पण तुमच्याविषयी आपुलकी आहे. ‘आप आइए तो सही’ असं ऐकू आलं की फोन ठेवून यादीतलं पुढचं हॉटेल घ्यावं.

हवेलीचं हॉटेल केलेलं असेल तर हा प्रश्न दुप्पट जोराने विचारावा. हवेली देखणी असते. चौक, झरोके, भिंतीवर चितारलेले मोर, सगळं असतं. जिना मात्र अंधारा आणि अरुंद, एकेक पायरी पाय चांगलाच उचलून चढायची. त्यात चौकात कुणी शिंकलं तरी तिन्ही मजल्यांना ऐकू जातं. गंमत अशी की ज्या हवामहलाचं वय सव्वादोनशे वर्षं, तिथे वरच्या मजल्यांवर जायला पायऱ्यांऐवजी बहुतेक ठिकाणी उतार केलेले आहेत. गुडघ्यांचा विचार राजाने केला होता, हेरिटेज हॉटेलवाल्याने केला असेलच असं नाही.

खोली कितव्या मजल्यावर घ्यावी याचं उत्तर ऋतूवर आहे. मे महिन्यात गच्चीखालची खोली घेऊ नये. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि एसी नुसता आवाज करतो. जानेवारीत तीच खोली हवीहवीशी वाटते. पूल असलेलं हॉटेल मिळालंच तर डिसेंबर-जानेवारीत त्या पाण्यात हात घालून पाहायला लावावं. पोहण्याचा पोशाख आपोआप बॅगेत परत जातो. कपडे गच्चीवर वाळत घालायची सवय असेल तर माकडांची चौकशी करावी. परकोट्यात ती भरपूर आहेत आणि बनियनला प्राधान्य देतात.

आता स्नानाचं गणित, कारण हिवाळ्यात सहली इथेच बुडतात. बाथरूममध्ये साधारण १५ लिटरचा, दोन किलोवॉटचा गिझर असतो. जयपूरच्या थंडीत ते पाणी कडकडीत व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यात थंड पाणी मिसळून एका माणसाची अंघोळ नीट होते. सहा माणसं आणि एक बाथरूम म्हणजे सव्वादोन तास, तेही दाढी आणि केस धुणं धरलेलं नसताना. आमेरचा किल्ला सकाळी आठला उघडतो आणि ऊन चढायच्या आत तो चढावा असा सगळ्यांचा बेत असतो. म्हणजे पहिल्या माणसाने साडेपाचला आत जायला हवं. आजोबा तयारच असतात. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर कोण, यावर आदल्या रात्री भांडण होतं. दोन लहान खोल्या एका मोठ्या ‘फॅमिली रूम’पेक्षा बऱ्या, याचं कारण दोन गिझर. फॅमिली रूममध्ये जो ‘एक्स्ट्रा बेड’ मिळतो ती जमिनीवर अंथरलेली गादी असते, आणि ती अंथरली की बाथरूमचं दार अर्धंच उघडतं.

फोटोंविषयी थोडक्यात. पलंगावर टॉवेलचे हंस दिसले तर भिंतीकडे पाहावं. हंस लक्ष वेधायलाच असतात.

अभिप्राय मात्र मन लावून वाचावेत. पाच तारेवाले लग्नाला आलेले असतात आणि एक तारावाले भांडून निघालेले. तीन तारेवाल्यांत खरी माहिती सापडते. त्यातही तक्रार आपली आहे का ते पाहावं. ‘आजूबाजूला काहीच नाही, नऊनंतर सामसूम’ अशी नाराजी कुणी लिहिली असेल तर आपण लगेच बुकिंग करावं. ‘वेटर सारखा विचारायला येतो’ हीसुद्धा आपल्या दृष्टीने शिफारसच. ‘नाश्त्याला रोज पोहे’ असं लिहिणारा मराठी नव्हता हे उघड आहे.

तारखा ठरवताना तिथल्या लग्नसराईवर नजर ठेवावी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शहरात जागोजागी ‘मैरिज गार्डन’ उजळतात, आणि हॉटेलच्या मागे ते आहे हे नकाशात दिसत नाही. उतरल्यावर रात्री बँड सुरू झाला की दिसतं. फोनवर स्वच्छ विचारावं, ‘पीछे शादी का गार्डन है क्या?’ १४ जानेवारीला संक्रांत. त्या दिवशी जयपूर गच्चीवर असतं, पतंग आणि ध्वनिवर्धक यांच्यासह. पाहण्यासारखा दिवस आहे, दुपारची झोप मात्र विसरावी.

शेवटी परतीचा दिवस. खोली अकराला सोडायची आणि गाडी दुपारी किंवा रात्री, हे जवळजवळ ठरलेलं. मधल्या वेळात सामान कुठे ठेवणार आणि तोंड कुठे धुणार हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावं. बहुतेक ठिकाणी रिसेप्शनमागे जिन्याखाली जागा असते. येताना चार बॅगा होत्या. आता चार बॅगा, दोन जयपुरी रजया, लाखेच्या बांगड्यांचा खोका आणि निळ्या मातीकामाची एक कुंडी, जी कुणीतरी मांडीवरच घेऊन बसणार आहे. प्रत्येक नगावर चिठ्ठी लावावी आणि आडनावाबरोबर गावही लिहावं. दिवाळीच्या सुट्टीत त्या जिन्याखाली नुसत्या ‘कुलकर्णी’ एवढ्यावर आपली बॅग सापडत नाही.