फोर बाय फोर भाऊ

हा गृहस्थ ओळखायला गाडीचा नंबर लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिच्या टपावर फावडं, पाठीवर रिकामा जेरीकॅन आणि दारांवर गेल्या रविवारचा वाळलेला चिखल, ती गाडी भाऊंची. गाडी धुणाऱ्या पोऱ्याला सक्त ताकीद असते : काचा पूस, चिखलाला हात लावू नकोस. तो शुक्रवारपर्यंत ऑफिसात मिरवायचा असतो.

भाऊंची जमात तशी अलीकडची. महिंद्रांनी 1947 साली विलीज जीप जुळवायला घेतली, तेव्हापासून आपल्याकडे जीप आहे. पण ती साखर कारखान्याच्या चेअरमनची, फॉरेस्टवाल्यांची, नाहीतर वडापवाल्याची. खड्ड्यातून जाण्याची तिला हौस नव्हती. रस्ताच तेवढा होता. 2010 मध्ये थार आली, 2020 च्या ऑक्टोबरात तिचा टचस्क्रीनवाला नवा अवतार आला आणि चांगला रस्ता सोडून मुद्दाम वाईट रस्ता शोधणारा एक वर्ग पुण्यामुंबईत फोफावला.

भाऊंचं ज्ञान मात्र अस्सल. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत, कारण चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा दुखावतं; हे ते चहाच्या बशीवर करून दाखवतात. तीव्र उतारावर लो रेंजचा पहिला गिअर, पाय क्लचवरून दूर, गाडी इंजिनाने रोखायची. चढ अर्ध्यात सुटला तर वळवायचं नाही, रिव्हर्स टाकून सरळ मागे यायचं; उंच गाडी उतारावर आडवी झाली की कोलांटी मारते. एकही शब्द चुकीचा नाही.

पंचाईत एवढीच, की हे सगळे नियम ते मॉलच्या पार्किंगच्या उतारावर पाळतात. मागे हॉर्नचा कल्लोळ चाललेला असतो आणि भाऊ लो रेंजमध्ये मुंगीच्या पावलांनी तळघरात उतरत असतात. कोरड्या काँक्रिटवर फोर बाय फोर लावून वळलं तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअरांवर ताण येतो, हेही त्यांच्या गाडीच्या पुस्तकात छापलेलं आहे. पुस्तक डॅशबोर्डच्या खणात, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

मुळशीच्या पुढे डांबर संपलं की मात्र नियम संपतात आणि हिंमत सुरू होते. वाटेत ओढा आडवा येतो. पाणी गढूळ असेल तर आधी काठी घेऊन चालत जावं, तळ आणि ओढ बघावी, गुडघ्याच्या वर असेल तर मुकाट्याने परतावं. भाऊ म्हणतात, ‘‘स्नॉर्केल कशाला बसवलंय मग?’’ स्नॉर्केल इंजिनाला हवा देतं. वाहत्या पाण्यात गाडी धरून ठेवत नाही. पण हे सांगणार कोण? वहिनींना ‘स्पॉटर’ नेमून खाली उतरवलेलं असतं. वहिनी ओरडतात, ‘‘डावीकडे घ्या!’’ भाऊ काचेतून डोकं काढतात, ‘‘तुझं डावं की माझं?’’ स्पॉटरने नेहमी ड्रायव्हरचं डावं-उजवं सांगायचं असतं. वहिनी तेच सांगत असतात. भाऊ उजवीकडे घेतात.

मागच्या सीटवरच्या मेहुण्याने बेल्ट मागितला, तर ‘‘वीसच्या स्पीडला बेल्ट कशाला?’’ असा प्रतिसवाल येतो. गाडी कलंडायला वीसचाही स्पीड लागत नाही. पण भाऊंना कमीपणा वाटतो तो तीनच गोष्टींचा : बेल्ट लावणं, मागे फिरणं आणि स्वतः खाली उतरून बघणं.

कोकणात तर कळसच. किनाऱ्यावर ‘वाहने नेण्यास मनाई’ अशी पाटी असते. वेळास-आंजर्ल्याकडे तर हंगामात त्याच वाळूत कासवांची अंडी असतात. भाऊंच्या मते पाटी साध्या गाड्यांसाठी. टायरची हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर तरतो, हे त्यांना पाठ आहे. पण हवा सोडायलाही उतरावं लागतं. मग चाकं फिरतात, वाळू उडते, भाऊ आणखी रेस देतात आणि गाडी पोटावर बसते. मागून समुद्र येत असतो.

तेव्हा ट्रॅक्टरवाला येतो. तो आधी खाली उतरतो. टाचेने वाळू दाबून बघतो. मग समुद्राकडे न बघताच म्हणतो, ‘‘आज अष्टमी. तिथीची पाऊणपट, म्हंजे सहाला भरती भरनार. आटपा.’’ भाऊंच्या मोबाइलमधलं भरतीचं अ‍ॅप अजून लोड होत असतं. भाऊ दोर बंपरला बांधू लागतात. तो सोडवून खालच्या हुकाला बांधतो आणि बघ्यांना पिटाळतो, ‘‘दोराजवळ उभं ऱ्हाऊ नका. तुटला तर पाय घेऊन जाईल.’’ त्यातली एकही गोष्ट भाऊंना नवी नसते; मागच्याच आठवड्यात त्यांनी सोसायटीत तीच शिकवलेली असते.

गाडी निघते. भाऊ ट्रॅक्टर न्याहाळून विचारतात, ‘‘फोर बाय फोर आहे का हो?’’

‘‘नाय वो. मागलीच दोन चाकं ओढतात.’’

सोमवारी ऑफिसात चिखलाच्या जागी वाळू असते आणि भाऊ सांगत असतात, ‘‘या वेळी लोकल टीमबरोबर रिकव्हरी ड्रिल केलं. ट्रॅक्टर बरा आहे, पण ड्रायव्हर जरा घाबरट. सारखा खाली उतरून बघतो.’’