झिपरी

सोसायटीत सगळ्यांच्या शेवटी फ्लॅट घेतलेला माणूसच वर्षभराच्या आत ‘बाहेरच्यांनी गाड्या लावू नयेत’ अशी पाटी स्वखर्चाने ठोकतो, हे मी ठाण्यात वीस वर्षं पाहिलं. निवृत्त होऊन चिपळूणजवळच्या घरी आलो, तेव्हा वाटलं, सुटलो. मग कोंबड्या पाळल्या.

आमच्याकडे आठ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबडा नुसता दिसायला. कारभार पाटलिणीकडे. ती पुढे आली की बाकीच्या आपोआप बाजूला होतात. आणि सगळ्यांत शेवटी झिपरी. मानेमागची पिसं उडालेली, तुरा एका अंगाला कललेला, चालणं उशीर झालेल्या माणसासारखं. हिला मी आदल्या वर्षी एकटीच आणून कळपात सोडली होती. नवं पाखरू एकटं कधी आणू नये, आणायची तर निदान दोन-तीन आणावीत, म्हणजे मार वाटला जातो. हे ज्ञान मला झिपरीच्या मानेने दिलं. महिनाभर ती पालथ्या घमेल्याआड राहिली. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर खायची आणि रात्री सगळ्यांत खालच्या दांडीवर बसायची. खालच्या दांडीवर वरून काय काय पडतं, ते सांगत नाही.

यंदा मोटारसायकलवर डालगी लादून फिरणाऱ्याकडून गिरिराज जातीची महिन्याची सहा पिल्लं घेतली. शेजारच्या काकूंनी एकेक उचलून, ढुंगण तपासून, ‘बरी आहेत’ असं प्रमाणपत्र दिलं. मानमोडीची लस त्यांना दिलेली होती, तरी तीन आठवडे पडवीत वेगळी ठेवली. पाहुण्याबरोबर कुठला रोग आला तर आधी पडवीतच कळावा. मग खुराड्यात मधोमध जाळी मारून पिल्लं पलीकडे ठेवली. दिसू दे, लागू नको. पिल्लांचं खाद्यही निराळं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी चुना भरपूर असतो, तो पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधतो.

मला धास्ती पाटलिणीची होती. ती पहिल्या दिवशी जाळीपाशी आली, एक डोळा लावून पाहिलं, मग दुसरा लावून पाहिलं आणि माती उकरायला निघून गेली. राजकीय पुढारी उद्घाटनाला येतो, तेवढाच वेळ. झिपरी मात्र हलेना. दाणे टाकले तरी हलेना. जन्मात पहिल्यांदा जेवण सोडून ती जाळीशी उभी राहिली आणि मान ताठ करून पिल्लांकडे बघू लागली. उडालेल्या पिसांच्या जागी मानेवर नुसती कातडी, पण अशी फुगवली होती की जणू शाल पांघरली आहे.

पंधरा दिवसांनी जाळी काढायची ठरली, तर काकू ओरडल्या, “अरे, दिवसाढवळ्या काय सोडतोस? रात्री नेऊन दांडीवर बसव. अंधारात कोंबडीला काही दिसत नाही. सकाळी उठतील तेव्हा वाटेल, ही इथलीच.”

बसवली. एका कोपऱ्यात फळी तिरकी टेकवून लपायला जागा केली, दाण्याची भांडी एकाची तीन केली आणि पहाटे तांबडं फुटायच्या आत कंदील घेऊन हजर झालो. सात कोंबड्यांना खरंच काही वाटलं नाही. पाटलिणीने वाटेत आलेल्या एका पिल्लाला एकच चोच मारली, ती सुद्धा शिक्का मारल्यासारखी, आणि विषय संपवला. झिपरीने मात्र सहाही जणांची हजेरी घेतली. एकाला भांड्यावरून हाकललं, दुसऱ्याला पाण्यावरून. तिसरं फळीमागे शिरलं, तर ही बाहेर पहारा देत उभी. स्वतः दाणा टिपायला वेळ मिळेना, पण चेहऱ्यावर समाधान असं की आठ वर्षं टेम्पररी असलेल्या कारकुनाला आज शिपाई मिळाला आहे.

नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे या माणसाने लहानपणापासून कोंबड्यांच्या वह्या भरल्या आणि १९२१ च्या सुमारास चोचीची ही उतरंड जगापुढे मांडली. कोण कोणाला टोचते, याची वही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडेही अशी वही होती, पण त्याचं नाव झालं नाही.

पावसाळ्यापूर्वी झिपरी खुडूक झाली. तिच्याखाली अंडी नव्हती, तरी पंख पसरून टोपलीत बसायची. हात लावला की गुरगुरायची. काकू म्हणाल्या, “एक दिवसाची पिल्लं आण आणि रात्री हळूच खाली सरकव.” आठ आणली, अंधारात एकेक सरकवली. सकाळी पाहतो तर पंखांच्या फटीतून आठ चोची बाहेर, आणि झिपरी माझ्याकडे बघतेय ती, हे सगळं आपणच केलं, अशा नजरेने.

आता ती फिरायला लागली की कळप वाट देई. तिच्याहून मोठ्या झालेल्या गिरिराजच्या तलंगा तिला पाहून पळत. एकदा पाटलीण दाण्याला जवळ आली, तेव्हा झिपरीने सगळी पिसं फुगवून अशी झेप घेतली की पाटलीण चक्क दोन पावलं मागे सरली. किडा सापडला की झिपरी ‘कुक्कुक्कुक’ करून पिल्लांना बोलावी आणि स्वतः न खाता समोर टाकी. काकू म्हणाल्या, “बघ, पदर भरला की बाई कशी बदलते.” मीही तसंच मानून दाणे जरा जास्त टाकू लागलो.

हे सगळं सात आठवडे चाललं. मग एका सकाळी मी दाणे टाकले, आठही पिल्लं नेहमीसारखी झिपरीच्या पायांत घुसली. झिपरीने मान वर केली, एक डोळा लावून पाहिलं, मग दुसरा. आणि सगळ्यांत धाकट्याच्या मानेमागे, अगदी त्याच जागी, कडकडून चोच हाणली.