मुलकी, गैरमुलकी आणि गुरुजी

येरमाळ्याच्या डोंगरावरील येडेश्वरीच्या दरबारात वास्तव्याचा परवाना तपासण्याचा शिरस्ता नाही. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत चुन्याच्या रानातले चार पांढरे खडे वेचले की भक्त कुठल्या इलाख्यातला, याची चौकशी न करता देवी त्याला पदरात घेते. मर्त्य सरकारांना एवढे औदार्य परवडत नाही. एके काळी आमच्या या मुलखावर ज्यांचा अंमल होता, त्या निजाम सरकारने १९१९ साली फर्मान काढून, रियासतीत पंधरा वर्षे वास्तव्य केल्यावाचून परक्याने स्वतःस मुलकी म्हणवू नये आणि सरकारी चाकरी मागू नये असा निर्बंध घातला. पुढे निजाम गेला, रियासत गेली, महाराष्ट्र राज्य आले, आणि अधिवासाच्या दाखल्यासाठी त्यालाही नेमका पंधरा वर्षांचाच आकडा पसंत पडला.

या इतिहासाचे स्मरण होण्यास निमित्त झाले ते आमचे एक स्नेही, जिल्हा परिषदेच्या शाळेतून २००६ साली निवृत्त झालेले मुख्याध्यापक. गुरुजींचा मुलगा डॅलसला, तोही अमेरिकेचा रीतसर नागरिक, मुलगी मेलबर्नला, आणि उतारवयात आईवडिलांनी कोणाकडे व कोणत्या परवान्यावर राहावे, हा विषय दिवाळीपासून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर चर्चेस येऊन दर रविवारी तहकूब होत आहे.

पहिला मार्ग व्हिजिटर व्हिसाचा. हा अर्ज करणारा मनुष्य आपल्या देशात कायमचा ठाण मांडण्यासाठीच येत आहे असे अमेरिकेचा कायदा आरंभीच गृहीत धरतो, आणि तसे नसल्याचे शाबीत करण्याची जबाबदारी अर्जदाराच्या शिरावर टाकतो. त्यामुळे गुरुजींनी सातबाराचा उतारा, पेन्शनचे पासबुक आणि घराची पावती अशी, आपण परत येणारच असे ठासून सांगणारी कागदपत्रे एका पिशवीत भरली, आणि आपण दहशतवादी कृत्ये करण्यासाठी जात आहात काय, या छापील प्रश्नास, चष्मा पुसून, दोनदा वाचून, 'नाही' असे उत्तर दिले. तेवढ्यात मुलाने दुसरा मार्ग सुचविला. एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाच्या आईबापांना ग्रीन कार्ड देण्यास तेथे संख्येची मर्यादा नाही. मात्र या कार्डाच्या धन्याने अमेरिका हेच आपले घर मानावे अशी अट असून, तो वर्षभराहून अधिक काळ बिनपरवाना बाहेर राहिला तर त्याने कार्डावर पाणी सोडले असे समजण्यात येते. म्हणजे जो सातबारा पहिल्या अर्जात गुरुजींच्या सचोटीचा दाखला होता, तोच दुसऱ्या अर्जानंतर त्यांच्या फितुरीचा पुरावा ठरावयाचा! सोयाबीनच्या तीन एकरांनी गुरुजींना ओढावे की ओढू नये, हे त्या एकरांना कोणी कळवावयाचे?

शिवाय जामीनकीचे प्रकरण आहेच. गावच्या सोसायटीच्या कित्येक कर्जांना जामीन राहून इतरांच्या थकबाकीच्या नोटिसा गुरुजींनी आयुष्यभर सह्या करून घेतल्या. आता मुलाने, आपले उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट असल्याचे दाखवून, बाप सरकारवर बोजा होणार नाही असे लिहून द्यावयाचे आहे. गुरुजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांनी हे ऐकून एवढेच विचारले, "अहो, आपण काय सोसायटीचं कर्ज आहोत का?"

जन्माच्या दाखल्याची कथा याहून करुण. गुरुजींचा जन्म पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतला, सप्टेंबर १९४८चा. परंतु शाळेत नाव घालताना त्या वेळच्या मास्तरांनी आपल्या सोयीने १ जून ही तारीख टाकली, आणि त्यापायी निवृत्तीच्या वेळी गुरुजींना चार महिन्यांच्या पगारास मुकावे लागले. दफ्तरी नोंद नाही. तेव्हा नोंद नसल्याचा दाखला आणावा आणि त्याला जोडून, जन्माची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्या वडीलधाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा हुकूम आहे. गुरुजींचा जन्म ज्यांनी पाहिला त्या सर्व साक्षीदारांना गुरुजींनी स्वतः खांदा दिलेला आहे.

मेलबर्नचा मार्ग त्या मानाने सरळ, फक्त लांब. निम्मी अपत्ये ऑस्ट्रेलियात असावीत ही तिकडची कसोटी, आणि दोहोंपैकी एक तिथे असल्याने गुरुजी काठावर का होईना उत्तीर्ण होतात. पुढे दोन रांगा: एक माणशी चाळीस हजारांहून अधिक डॉलर मोजणाऱ्यांची, दुसरी गरिबांची. गरिबांच्या रांगेत तीस वर्षांच्या आसपास थांबावे लागेल असे तेथील सरकार स्वतःच प्रांजळपणे सांगते. त्यातील एका वर्गास 'वयोवृद्ध पालक' असे नाव आहे. अर्जाच्या दिवशी ते कोणास अकाली वाटल्यास मंजुरीच्या दिवशी सर्वार्थाने सार्थ व्हावे, अशी ही दूरदृष्टी. गुरुजींचा नंबर लागेल तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडलेली असेल.

पुण्याच्या एका व्याह्यांनी थायलंडचेही नाव काढले होते. पन्नाशी उलटलेली असावी, बँकेत आठ लाख बाट असावेत आणि दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता सरकारदरबारी कळवावा, एवढ्यावर तेथे राहता येते. परंतु ज्याला इथे दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला देऊन पेन्शन सोडवावी लागते, त्याने आणखी एका सरकारला हजेरी देण्याचे नाकारले, यात आम्हांस नवल वाटले नाही.

अखेर बहुमत व्हिजिटर व्हिसाकडे झुकले. सहा महिने जावे, चैत्राच्या यात्रेला परतावे. त्यासाठी येरमाळ्याचे रहिवासी असल्याचा एक दाखला पिशवीत असावा असे ठरले, आणि जन्मापासून या गावात राहिलेले गुरुजी तो मागावयास गेले. कारकुनाने विजेचे बिल मागितले. मीटर गुरुजींच्या कैलासवासी वडिलांच्या नावे आहे. कारकुनाने बिल उलटसुलट पाहिले, शिक्का ड्रॉवरमध्ये परत ठेवला आणि अतिशय आदराने सांगितले, "गुरुजी, घरमालकाचं संमतिपत्र लागेल. त्यांना एकदा सहीपुरतं घेऊन या."