दोन होड्यांवर पाय

दोन होड्यांवर पाय ठेवणाऱ्याचं पुढे काय होतं, ते आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवलंय. आमच्या जावयाचं म्हणणं असं की, त्या माणसाने मधे आडव्या तुळया टाकून दोन्ही होड्या दोरीने नीट बांधल्या असत्या, तर त्याला काही झालं नसतं. उलट अटलांटिक ओलांडून गेला असता.

जावई इंग्लंडात एक्सेटरला असतो. नोकरी कॉम्प्युटरची, म्हणजे हाताने काही करावं न लागणारी. आणि अशाच माणसांना हाताने काहीतरी करायची उबळ येते. कुणी घरी पाव भाजतं, कुणी टोमॅटो लावतं. ह्याने 'टिकी 21' नावाच्या कॅटामरानचे, म्हणजे अशाच जोडहोडीचे, आराखडे मागवले. लांबी 21 फूट, रुंदी 12 फूट, खाली पाणी जेमतेम गुडघाभर असलं तरी तरंगणार, आणि ट्रेलरवर घालून गाडीमागे ओढत कुठेही नेता येणार. घरच्या घरी, प्लायवूडची. लेकीने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात काळजी नव्हती. लग्नाला आठ-दहा वर्षं झाली की असला आवाज येतो. "गाडी आता बाहेर पावसातच असते बाबा," एवढंच म्हणाली.

ह्या होड्यांचा जनक जेम्स व्हॅरम. जन्म 1928, मँचेस्टरचा. पॉलिनेशियन लोक जोडहोड्यांतून प्रशांत महासागर पालथा घालत होते, हे म्हणे युरोपातल्या पंडितांना पटत नव्हतं. ह्या पठ्ठ्याने साडेतेवीस फुटांची 'टांगारोआ' स्वतः बांधली, 1955 साली तीत बसून निघाला आणि त्रिनिदादला पोचला. तिथे 'रोंगो' नावाची मोठी बांधली आणि 1959 मध्ये उत्तर अटलांटिक उलट्या दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, पार करून परत आला. बरोबर दोन जर्मन मुली होत्या.

"दोघी?" आमच्या हिने विचारलं.

"हो आई, दोघी."

"मग दोन होड्या लागणारच."

जावई पुढे सांगत राहिला. व्हॅरमने पुढे होड्यांपेक्षा आराखडे विकले. सामान्य माणसाला परवडेल आणि जमेल अशी होडी त्याने स्वतःच बांधावी, ही त्याची भूमिका. दहा हजारांवर संच खपले. त्यांपैकी किती होड्या प्रत्यक्ष पाण्यात उतरल्या, असं मी विचारलं. जन्म बँकेत गेल्यामुळे मंजूर कर्ज आणि वसूल कर्ज यांतला फरक मला कळतो. जावयाने विषय बदलला आणि रोरी मॅकडूगल नावाच्या माणसाचं उदाहरण दिलं. हाही जावयाच्याच डेव्हनकडचा. त्याने ह्याच टिकी 21 मधून, तीही स्वतःच बांधलेली, 1991 ते 1997 अशी पृथ्वीप्रदक्षिणा केली. होडीचं नाव 'कुकिंग फॅट'. आपले दिलीप दोंदे 'म्हादेई'तून एकट्याने जग फिरून आले, तेव्हा आमच्या सोसायटीतसुद्धा पेढे वाटले होते. पण ती 'म्हादेई' गोव्यात दिवाडीला गोदीतल्या माणसांनी बांधली होती, पाठीशी आख्खं नौदल होतं. ह्या कुकिंग फॅटवाल्याच्या पाठीशी कोण असेल, ह्याचा मी बराच विचार केला. आई असणार.

आता ट्रेलरचं. रुंदी 12 फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या वर. इंग्लंडात ट्रेलर 2.55 मीटरपेक्षा रुंद चालत नाही; कायदाच आहे. म्हणून व्हॅरमसाहेबांची योजना अशी की, होडी प्रत्येक वेळी सोडायची, दोन्ही होड्या ट्रेलरवर शेजारी शेजारी निजवायच्या, तुळया आणि डोलकाठी वर बांधायची, समुद्रापर्यंत न्यायचं, तिथे सगळं पुन्हा जोडायचं आणि मग हौस उरली असेल तर शिडं उभारायची. 'कुठेही नेता येते' ह्या तीन शब्दांत एवढं सगळं बसतं, हे आराखडे विकत घेताना कुणाच्या लक्षात येत नसावं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गॅरेजमध्ये उजवी होडी उभी राहात होती. सहा मिलिमीटरच्या मरीन प्लायचे लांबलचक तुकडे कापायचे, कडेने भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना टाचायचे, आणि तारा पिळत गेलं की सपाट फळ्यांना आपोआप होडीचा आकार येतो. हे दृश्य मात्र खरोखर बघण्यासारखं आहे. सकाळी प्लायवूडचा ढिगारा असतो. संध्याकाळी त्याला पोट, नाक, कंबर सगळं आलेलं असतं. मी तारा पिळायला पक्कड धरून बसलो. ही दारात उभी राहून बघत होती. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. बघता बघता म्हणाली, "ह्यात नवीन काय? आमच्याकडे रापणीच्या होड्या काथ्यानेच शिवायचे. बाजूला तोल सांभाळायला उलांडी, तीही दोरीनेच बांधलेली. खिळा मारला की लाटेत निखळतो, दोरी थोडी सैल होते पण सोडत नाही."

जावई हातातली तार टाकून तिच्याकडे बघत राहिला. कारण व्हॅरमच्या तुळयाही बोल्टने नाही, दोरीनेच बांधतात आणि कारणही अगदी हेच देतात. त्या क्षणापासून घरात माझं स्थान काय झालं, ते सांगायला नको.

तारेनंतर एपॉक्सी. रेझिन आणि हार्डनर मोजून मिसळायचं, की ठरावीक वेळात ते दगड होतं. थंडीत मात्र दगड व्हायला बघतच नाही, म्हणून रेझिनचे डबे गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवले. तिथे हिचं दही लागत असे. दही बाहेर आलं. इंग्लंडच्या हवेत ते काय लागणार! त्यावरून दोन दिवस घरात शांतता होती, आणि ती होडीसाठी चांगली नव्हती, कारण जावयाने त्या शांततेत घाईघाईने एकदम भरपूर एपॉक्सी एका खोल डब्यात कालवलं. खोल डब्यात उष्णता कोंडते. आधी डबा कोमट झाला, मग धरवेना, मग त्यातून धूर निघायला लागला. शेजारचे वयस्कर गृहस्थ कुंपणावरून "एव्हरीथिंग ऑल राइट?" असं विचारत होते आणि जावई तो धुमसता डबा हिरवळीवर ठेवून त्यांना हसून हात करत होता. तिथलं गवत अजून उगवलेलं नाही.

मग ही आत आली. सांध्यांत भरायला एपॉक्सीत पूड घालून ते घट्ट करतात. किती घट्ट, ते पुस्तकात लिहिलेलं असतं: कशासाठी केचपइतकं, कशासाठी मेयोनेज, कशासाठी पीनट बटर. हिने पुस्तक मिटलं, जावयाच्या डब्यात काडी बुडवून वर उचलली, ओघळ बघितला आणि म्हणाली, "हे धिरड्याचं झालंय. तुम्हाला थालिपिठाचं हवंय." अजून पूड घातली. मग जाड प्लास्टिकचा मेंदीचा असतो तसा कोन वळला, त्यात ते भरलं, टोक कापलं आणि डाव्या होडीच्या आतल्या सांध्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी धार सोडत गेली. मागोमाग लाकडी चमच्याच्या गोल पाठीने ती एकदाच ओढली. सांधा असा बसला की बोट फिरवावंसं वाटावं. उजव्या होडीतले सांधे जावयाने कालथ्यासारखं काहीतरी घेऊन थापलेले होते. ते नंतर पॉलिश पेपरने घासण्यात मी जे खांदे घालवले, ते पुण्याच्या फिजिओथेरपिस्टने पाहिले आहेत. कॅटामरान बांधणारे म्हणतातच की, पहिल्या होडीवर शिकायचं आणि दुसरी नीट बांधायची. फक्त पहिली फेकून देता येत नाही.

आतल्या सोयींबद्दल हिने एकदा सविस्तर चौकशी केली. दोन्ही होड्यांत झोपायची जागा आहे. उभं राहता येत नाही, बसता येतं. एका होडीतून दुसरीत जायचं तर बाहेर डेकवर येऊन पलीकडे उतरायचं.

"म्हणजे नवरा एका होडीत, बायको दुसऱ्या?"

"तसंही चालतं आई."

"बरं आहे," असं म्हणून हिने माझ्याकडे बघितलं. स्वयंपाक डेकवर, तंबूखाली, कॅम्पिंगच्या स्टोव्हवर. आणि बाकीचं? जावई घुटमळला. "बादली," तो म्हणाला. हिने मान डोलावली. ज्या बाईने लहानपणी पहाटेच्या अंधारात परसाकडे टमरेल नेलंय, तिला इंग्लंडातली नौकानयनसंस्कृती काय घाबरवणार? हादरली ती आमची लेक. दोन बाथरूमच्या घराचे हप्ते भरून सुट्टीत बादलीवर जायचं, हे काही तिला पचेना.

पुढच्या खेपेला होडी पाण्यात टाकायची ठरली. एक्स नदीच्या खाडीत भरती-ओहोटीचं गणित कडक आहे. जावयाने तक्ता छापून भिंतीला लावला होता. त्या तक्त्यात समुद्राची वेळ होती, दोऱ्या बांधायची नव्हती. तुळया बसवल्या, फेऱ्यावर फेरे घेऊन दोऱ्या आवळल्या, मग एक तुळई उलटी बसल्याचं दिसलं, पुन्हा सोडल्या, पुन्हा आवळल्या. ही शेवटच्या गाठी स्वतः तपासत फिरत होती आणि दोन गाठी तिने जावयाला परत मारायला लावल्या. डोलकाठी उभी राहिली तेव्हा टाळ्या वाजवायला म्हणून मी मागे वळलो, तर पाणी बरंच लांब गेलं होतं. घाईने होडी लोटली. ती उतरली, दहा-बारा हात तरंगली, डौलात तरंगली, आणि मऊ चिखलावर सरळ बसली. एका होडीची असती तर कलंडली असती. दोन होड्यांचा हा फायदा जावयाने आम्हाला लगेच समजावून दिला. आता पुढची भरती येईपर्यंत सहा तास तिथेच.

धक्क्यावरून एक म्हातारे इंग्रज गृहस्थ कुत्रं घेऊन चालले होते. ते थांबले आणि ओरडून विचारलं, होडी तुम्हीच बांधली का?

"येस," जावई म्हणाला.

"लेफ्ट वन इज माइन," ही म्हणाली आणि डबा उघडून सगळ्यांना थालिपीठं वाढली. मग पदर खोचून डाव्या होडीत उतरली आणि ताणून दिली.

"बाबा, उजवीकडे जागा आहे, पडा जरा," जावई म्हणाला.

चिखलात बसलेली होडी बुडत नाही, हे मला कळतं. तरी मी डेकवरच बसलो.