थेरपी बसमध्ये बसवा

नरडाण्याहून जिल्ह्याचं ठिकाण धुळं साधारण 30 किलोमीटर. मुंबई-आग्रा महामार्गावर एसटी मिळते, आणि 2023 पासून बायांना अर्धं तिकीट. मग स्वमग्न लेकराला आठवड्यातून दोनदा थेरपीला न्यायला अडचण काय, असं विचारणाऱ्यांनी एकदा त्या मायसोबत बसमध्ये बसून बघावं. हॉर्न वाजला की पोर कान दाबून किंचाळतं आणि अख्खी बस मागे वळून पाहते. "पोराला वळण नाही," असं कुणीतरी बोलून मोकळं होतं. कापूस वेचणीचे दिवस असले तर मजुरीही बुडते. अर्ध्या-पाऊण तासाच्या थेरपीसाठी सबंध दिवस जातो. दोन-तीन महिन्यांत फेऱ्या थांबतात आणि ठपका तिच्यावरच येतो: पालक नियमित येत नाहीत.

मला हे साफ अमान्य आहे. माय कमी पडलेली नाही. आपण थेरपीच तिच्यापासून लांब नेऊन ठेवली आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्यातल्या आरोग्य पथकाने अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची असतात. तपासणीच्या 30 बाबींत स्वमग्नता आहे आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) हीही आहे. पुढच्या उपचारासाठी मात्र जिल्ह्याचं केंद्र. म्हणजे दोष शोधायला सरकार गावात येतं, आणि उपाय हवा असेल तर माय जिल्ह्याला जाते.

एडीएचडीच्या पोराचं तर याहून वाईट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडीचं नाव नाही. तपासणीच्या यादीत आहे, हक्काच्या यादीत नाही! वर्गात ते पोर 'मस्तीखोर' ठरतं आणि दाराबाहेर उभं राहतं. त्याला हवं असतं एका वेळी एकच छोटं काम, पुढच्या बाकावरची जागा आणि मधेच उठून फळा पुसायची मुभा. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

वाट आहे, आणि ती आपल्या शेजारच्या गोव्यातच चाचपून झाली आहे. तिथली 'संगत' संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मिळून 65 स्वमग्न मुलांवर एक अभ्यास झाला. थेरपी देणारे तज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत 12 भेटी. आई मुलाशी खेळते, त्याचं चित्रण करायचं आणि मग आईने आणि कार्यकर्तीने बसून ते पाहायचं: इथे त्याने तुझ्याकडे पाहिलं, इथे तू घाई केलीस, इथे थांबली असतीस तर तो हात पुढे करणार होता. ही थेरपी मिळालेल्या मुलांनी आपणहून संवाद सुरू करणं वाढलं. स्वमग्नता 'बरी' झाली असा दावा कुणी केला नाही, करूही नये. पण ज्या घरात पोर कधी काही मागत नव्हतं, तिथे त्याने भाकरीकडे बोट दाखवणं म्हणजे काय, हे त्या मायला विचारा.

आणि ती सांगेल अहिराणीत, घरच्या बोलीत. "मना आंडोर बोलस नही" (माझा मुलगा बोलत नाही) म्हणणाऱ्या मायला पुस्तकी मराठीतला तक्ता देऊन घरी सराव करा म्हणणं हा अन्याय आहे. जे शब्द घरात कुणी बोलतच नाही, ते त्या पोराने कुणाकडून उचलायचे? गल्लीतली अंगणवाडीताई ही भाषा बोलते, तर अशा भेटी तिनेच द्याव्यात. पोषण ट्रॅकर अ‍ॅप भरायला तिच्या हाती मोबाईल आहेच, तोच चित्रणाला चालेल. तिच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, म्हणून हे काम फुकट लादू नका. नीट प्रशिक्षण द्या, प्रत्येक भेटीचं वेगळं मानधन द्या आणि अडलं तर विचारायला धुळ्यातला एक तज्ज्ञ द्या. त्या तज्ज्ञाने महिन्यातून एकदा एसटीने नरडाण्याला यावं. 30 किलोमीटर तर आहे.